तुमच्याकडे चालते, दुकानात उघडत नाही: पायइन्स्टॉलरच्या ईएक्सईची तपासणी

पायथनमध्ये बिलिंगचा, साठ्याचा किंवा हजेरीचा प्रोग्रॅम लिहून विंडोजसाठी पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची ईएक्सई (पायथन न बसवता चालणारी प्रोग्रॅम फाइल) करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. बाहेरची पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) वापरली की ही ईएक्सई कुठे ना कुठे अडते, आणि तसली अडलेली कामं माझ्याकडे सतत येतात. दोष दिसायला वेगवेगळे असतात, त्यांची मुळं मात्र मोजकीच आहेत.

आधी लक्षणं जुळवा

- ईएक्सईवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी क्षणभर चमकते आणि नाहीशी होते.
- ‘फेल्ड टू एक्झिक्यूट स्क्रिप्ट’ अशी पाटी येते.
- ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असा एरर येतो, पण ते पॅकेज तुमच्या मशीनवर नीट बसवलेलं असतं.
- ‘डीएलएल लोड फेल्ड’ असं दिसतं. (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅम वापरतात ती तयार कोडची विंडोज फाइल.)
- प्रोग्रॅम उघडतो, पण तारीख निवडताना, बारकोड वाचताना किंवा पीडीएफ काढताना एक अक्षर न बोलता बंद होतो.
- टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या प्रोसेस भराभर वाढत जातात आणि मशीन गुदमरतं.
- तुमच्याकडे सगळं चालतं, गिऱ्हाइकाच्या मशीनवर काहीच उघडत नाही.
- ईएक्सई तयारच होत नाही, बिल्ड म्हणजे ती बांधण्याचं काम मध्येच मोडतं.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर सरळ तिसऱ्या तपासणीवर जा. बाकीच्यांनी क्रमाने या. क्रम सोडून इंटरनेटवर सापडेल तो पर्याय कमांडला जोडत गेलात तर दिवस जाईल आणि कमांड ओळभर लांब होईल, पण नक्की कशाने फरक पडला ते कळणार नाही.

हे होतं का

पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत रूपांतरित करत नाही. तो पायथनचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम), तुमचा कोड, लागणारी पॅकेजेस आणि डीएलएल एकत्र करून बांधतो. काय लागणार हे तो कोड न चालवता, त्यातली इम्पोर्टची (दुसरा कोड मागवणारी) वाक्यं वाचून ठरवतो. यादी हातात घेऊन सामान बांधणाऱ्या माणसासारखं हे काम आहे: यादीत जे नाही ते घरीच राहतं. तुमचा स्वतःचा कोड सहसा सरळ असतो, म्हणून तो पूर्ण येतो. बाहेरची पॅकेजेस मात्र आपले भाग बरेचदा चालता चालता, नावाची अक्षरं जुळवून उचलतात. त्यांना थीमच्या फाइल लागतात, फॉन्ट लागतात, सी भाषेत लिहिलेल्या डीएलएल लागतात. यातलं काहीच इम्पोर्टच्या वाक्यात दिसत नाही.

लोकप्रिय पॅकेजेसच्या अशा खोडी पायइन्स्टॉलरच्या ‘हूक’ फाइलींमध्ये नोंदवून ठेवलेल्या असतात आणि त्यामुळे बऱ्याच गोष्टी आपोआप जमतात. जे पॅकेज तिथे नाही, किंवा हूक लिहिल्यानंतर आतून बदललेलं आहे, ते अडतं. म्हणून ईएक्सई कोसळली की तुमच्या कोडवर संशय घेण्याआधी काहीतरी मागे राहिलं आहे असं धरून चाला. बहुतेक वेळा तेच निघतं.

तपासणी १: ईएक्सईला बोलतं करा

हिला पैसाही लागत नाही आणि पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी हीच सर्वात जास्त वेळा वगळली जाते. ‘विंडोड’ किंवा ‘नो-कन्सोल’ हा पर्याय काढून पुन्हा बिल्ड करा (कन्सोल म्हणजे ती काळी खिडकी). मग ईएक्सईवर डबल क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि ईएक्सईचं नाव टाइप करून ती चालवा. आता खिडकी बंद होणार नाही आणि पूर्ण ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळींतून होत गेली त्याची नोंद) समोर राहील. तो खालून वर वाचा: शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुणी मागितलं ते. पुढच्या कुठल्या तपासणीला जायचं हे याच दोन ओळी सांगतात.

कन्सोल ठेवून केलेली ईएक्सई व्यवस्थित चालली आणि कन्सोल काढल्यावरच मोडली, तर उत्तर इथेच मिळालं. कन्सोल नसताना पायथनचे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर हे दोन्ही ‘नन’ (काहीच नाही) असतात. साधं ‘प्रिंट’ ते निमूट गिळतं, पण जे पॅकेज थेट त्या आउटपुटवर लिहायला जातं ते ‘ननटाइप’ला ‘राइट’ नाही असं म्हणून कोसळतं. प्रगतीची पट्टी दाखवणारी आणि लॉग लिहिणारी पॅकेजेस इथे हमखास सापडतात. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, बाकी इम्पोर्टच्याही आधी, ही दोन्ही आउटपुट एका लॉग फाइलकडे वळवा. पुढे गिऱ्हाइकाकडे काही बिघडलं तर तीच फाइल उपयोगी पडते.

तपासणी २: बिल्डनेच लिहून ठेवलेली यादी वाचा

‘बिल्ड’ फोल्डरमध्ये तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘वॉर्न’ने सुरू होणारी टेक्स्ट फाइल. न सापडलेली सगळी मॉड्यूल (पॅकेजच्या आतले कोडचे भाग) तिथे लिहिलेली असतात. पहिल्यांदा उघडली की घाबरायला होतं, कारण यादी लांबलचक असते. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी आहे: लिनक्सवर लागणारी मॉड्यूल विंडोजवर सापडणार नाहीतच. प्रत्येक नावापुढे ते कुठे मागितलं गेलं ते असतं. ‘ऑप्शनल’, ‘कंडिशनल’ किंवा ‘डिलेड’ लिहिलेल्या ओळी आधी सोडून द्या. ‘टॉप-लेव्हल’ लिहिलेलं आणि तुमच्या ओळखीच्या पॅकेजचं नाव असलेलं काही आहे का तेवढं पाहा.

तपासणी ३: बिल्ड कुठल्या पायथनने होतंय

एकाच मशीनवर दोन-तीन पायथन असणं आता नेहमीचंच झालं आहे. तुम्ही पॅकेज बसवता एका पायथनमध्ये आणि पायइन्स्टॉलरची कमांड धावते दुसऱ्याच पायथनची. म्हणून ‘पायइन्स्टॉलर’ अशी नुसती कमांड देऊ नका. नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन आणि पॅकेजेसची स्वतंत्र जागा) करा, त्यात फक्त लागणारी पॅकेजेस आणि पायइन्स्टॉलर बसवा, आणि ‘पायथन -एम पायइन्स्टॉलर’ अशीच सुरुवात करा. ‘क्लीन’ हा पर्याय द्या, म्हणजे जुन्या बिल्डचे अवशेष नव्यात येणार नाहीत. हूकचं ‘हूक्स-कॉन्ट्रिब’ हे वेगळं पॅकेज असतं, तेही अद्ययावत करून घ्या. मुख्य पॅकेज नवं आणि हूक जुने असतील तर नेमका नवा भाग मागे राहतो.

बिल्ड मध्येच मोडत असेल तर या काही गोष्टी पाहा. पायथन ३.१०.० या नेमक्या आवृत्तीत एक दोष होता आणि त्यामुळे बिल्ड ‘टपल इंडेक्स आउट ऑफ रेंज’ म्हणून थांबायचं, ३.१०.१ मध्ये तो दुरुस्त झाला. ‘पाथलिब’, ‘टायपिंग’ किंवा ‘ईनम३४’ ही जुनी पॅकेजेस वेगळी बसवलेली असतील तर काढून टाका. ती आता पायथनमध्येच आहेत, आणि वरून बसवलेली प्रत पायइन्स्टॉलरला चालत नाही. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये पायक्यूटी आणि पायसाइड (खिडक्या-बटणं काढणारी पॅकेजेस) दोन्ही असतील तर पायइन्स्टॉलरच्या नव्या आवृत्त्या सरळ नकार देतात. जे वापरत नाही ते ‘एक्सक्लूड-मॉड्यूल’ने वगळा. आणि तुमच्या फोल्डरमधल्या स्वतःच्या फाइलींची नावं पाहा. ‘क्यू’, ‘रँडम’, ‘कॅलेंडर’ अशा नावाची फाइल असेल तर पायथनचं मूळ मॉड्यूल तिच्यामागे लपतं आणि भलत्याच ठिकाणी एरर येतो.

अॅनाकोंडाच्या (ढीगभर पॅकेजेससकट येणाऱ्या पायथनच्या संचाच्या) मूळ एन्व्हायर्नमेंटमधून कधीही बिल्ड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नको ती शेकडो पॅकेजेस आत ओढली जातात, ईएक्सई अवाढव्य होते आणि दोष शोधायचं रान वाढतं.

तपासणी ४: एकच फाइल नको, फोल्डर करा

‘वन-फाइल’ सगळ्यांना आवडते, कारण गिऱ्हाइकाला एकच फाइल द्यायची. पण दोष शोधताना ती अडचणीची आहे. अशी ईएक्सई प्रत्येक वेळी उघडताना आपलं सगळं सामान टेम्प फोल्डरमध्ये ‘_एमईआय’ने सुरू होणाऱ्या फोल्डरात सोडवते आणि बंद होताना तो फोल्डर पुसते. आत काय आलं, काय नाही, हे पाहायलाच मिळत नाही. ‘वन-डीर’ने, म्हणजे फोल्डरच्या पर्यायाने, बिल्ड करा. पायइन्स्टॉलर ६.० पासून (२०२३) सगळं सामान ईएक्सईशेजारच्या ‘_इंटर्नल’ फोल्डरात जातं. तो उघडा, आणि ज्या फाइलवरून एरर येतो ती तिथे आहे का ते डोळ्यांनी पाहा. फोल्डरवाली ईएक्सई चालली आणि एकफाइलवालीच मोडली, तर दोष टेम्पमध्ये सोडवण्याचा किंवा अँटिव्हायरसचा आहे, पॅकेजचा नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात लोकांचं खरं नुकसान होतं. प्रोग्रॅम एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल ‘सिस._एमईआयपास’च्या जागी, म्हणजे सोडवलेल्या सामानातच, लिहीत असेल तर एकफाइल ईएक्सई बंद होताच ती फाइल पुसली जाते. दुकानदार दिवसभर बिलं करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातं कोरं. हा क्रॅश नाही, त्यामुळे एररही येत नाही. प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या, फक्त वाचायच्या गोष्टी (लोगो, फॉन्ट, नमुने) त्या जागेवरून घ्या. लिहायचं ते सगळं वापरणाऱ्याच्या ‘लोकल अॅपडेटा’खाली तुमच्या नावाच्या फोल्डरात ठेवा. ईएक्सईशेजारी लिहिणंही टाळा, कारण ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवली की तिथे लिहायची परवानगी मिळत नाही आणि ‘परमिशन एरर’ येतो. ही व्यवस्था पहिल्या बिल्डच्या आधीच करून ठेवावी, तक्रारीची वाट पाहू नये.

तपासणी ५: मागे राहिलेलं मॉड्यूल

एररमध्ये नाव आलेलं असतं. ते जसंच्या तसं ‘हिडन-इम्पोर्ट’ या पायइन्स्टॉलरच्या पर्यायाला द्या. नेहमी भेटणारी काही उदाहरणं:

टीके-कॅलेंडर वापरून तारखेचा चौकोन केला असेल तर ‘बॅबेल.नंबर्स’ मागे राहतं. प्रोग्रॅम उघडतो, तारखेचा चौकोन असलेला फॉर्म काढला की पडतो.

रिपोर्टलॅबने बिलावर बारकोड छापत असाल तर ‘रिपोर्टलॅब.ग्राफिक्स.बारकोड’खालचे प्रकार मागे राहू शकतात. एकेक नाव देत बसण्यापेक्षा त्या शाखेला ‘कलेक्ट-सबमॉड्यूल्स’ लावा.

मायएसक्यूएल डेटाबेसला जोडणाऱ्या मायएसक्यूएल कनेक्टरची गोष्ट जास्त फसवी आहे. ईएक्सई सांगते की ‘मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड’ किंवा ‘कॅशिंग शा२ पासवर्ड’ हे ऑथेंटिकेशन प्लगिन सपोर्टेड नाही. वाचणाऱ्याला वाटतं दोष सर्व्हरचा आहे, आणि तो सर्व्हरवरची पासवर्डची पद्धत बदलायला घेतो. कृपा करून ते करू नका. तोच कोड ईएक्सईशिवाय त्याच सर्व्हरला जोडला जातो ना, मग सर्व्हर ठीक आहे. कनेक्टर आपली प्लगिन नावाने उचलतो आणि ती बांधली गेलेली नाहीत, एवढंच झालेलं असतं. ‘मायएसक्यूएल.कनेक्टर.प्लगिन्स’खालचं ते नाव हिडन-इम्पोर्टमध्ये द्या. ‘इंग्रजीसाठी लोकलायझेशन सपोर्ट नाही’ अशा अर्थाचा एरर आला तर त्याच पॅकेजच्या ‘लोकेल्स’ शाखेचंही तसंच करा.

‘नो पॅकेज मेटाडेटा’ असा एरर वेगळा असतो. मॉड्यूल आलेलं आहे, पण त्याचा आवृत्ती क्रमांक ज्या माहितीच्या फोल्डरात असतो तो आलेला नाही. तिथे हिडन-इम्पोर्ट उपयोगाचा नाही, ‘कॉपी-मेटाडेटा’ द्यावा लागतो.

‘कलेक्ट-ऑल’ हा पर्याय सगळं उचलतो आणि बहुतेक वेळा चालतोही. मी तो फक्त निदानासाठी वापरतो. त्याने चाललं तर दोष त्या पॅकेजमध्येच आहे हे नक्की झालं. मग नेमका भाग शोधून तेवढाच ठेवतो. जे काही ठरेल ते ‘स्पेक’ फाइलमध्ये (बिल्डचे पर्याय जिच्यात राहतात ती) लिहा आणि पुढचं बिल्ड त्या फाइलवरूनच करा. सहा महिन्यांनी कमांड आठवत नाही, स्पेक फाइल राहते.

एररमध्ये नावच येत नसेल तर ‘डीबग’ला ‘इम्पोर्ट्स’ देऊन बिल्ड करा. चालताना प्रत्येक इम्पोर्टची ओळ छापली जाते, आणि पडण्याआधीची शेवटची ओळ कुठे पाहायचं ते दाखवते.

तपासणी ६: डेटा फाइल, रस्ते आणि देवनागरी

मॉड्यूल सगळी आली तरी पॅकेजच्या आतली पायथनची नसलेली फाइल राहू शकते. कस्टम-टीकिंटर या खिडक्या काढणाऱ्या पॅकेजच्या थीमच्या फाइल आणि फॉन्ट ही नेहमीची तक्रार. ‘कलेक्ट-डेटा’ किंवा ‘अॅड-डेटा’ने ती मिटते, आणि तिथेही फोल्डरवाली ईएक्सईच बरी.

तुमच्या कोडमधले नुसत्या नावाने दिलेले रस्ते (फाइलींचे पाथ) तपासा. ‘लोगो.पीएनजी’ असं लिहिलं की पायथन ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतो. चालू फोल्डर म्हणजे ईएक्सईचा फोल्डर नव्हे. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये ‘स्टार्ट इन’ जे असेल ते. म्हणून एकच ईएक्सई फोल्डरमधून चालते आणि शॉर्टकटवरून मोडते.

मराठीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमला आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. पहिलं, फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) न देणं. विंडोजवर पायथन तेव्हा मशीनचं कोडपेज धरतो, ते बरेचदा १२५२ असतं, आणि त्यात देवनागरी बसत नाही. मग ‘चारमॅप कोडेक’चा एरर येतो. तुमच्या कोड लिहायच्या एडिटरने यूटीएफ-८ची सोय करून ठेवलेली असेल तर तुमच्याकडे हे कधीच दिसणार नाही. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. दुसरं, रस्त्यातच देवनागरी असणं. विंडोजवर वापरकर्त्याचं नाव मराठीत असेल तर टेम्प आणि अॅपडेटा दोन्हींच्या रस्त्यात देवनागरी अक्षरं येतात. पायथन ती सांभाळतो, पण सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली काही पॅकेजेस सांभाळत नाहीत. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्हीचं ‘आयएमरीड’ विंडोजवर असा रस्ता दिला की चित्र वाचतच नाही आणि एरर न देता ‘नन’ परत करतं. मग पुढच्या ओळीत प्रोग्रॅम पडतो. चित्र पायथननेच बाइट म्हणून वाचून ‘आयएमडीकोड’ला द्या. गिऱ्हाइकाला वापरकर्त्याचं नाव बदलायला सांगू नका. आपल्या भाषेत नाव लिहिणं हा त्याचा दोष नाही.

तपासणी ७: प्रोसेस वाढत जाणं

मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणं) वापरताना विंडोज प्रत्येक कामगार प्रोसेससाठी तीच ईएक्सई पुन्हा सुरू करतं. मुख्य भागाच्या पहिल्या ओळीत ‘मल्टिप्रोसेसिंग.फ्रीझ_सपोर्ट’ नसेल तर प्रत्येक नवी प्रत स्वतःला मुख्य समजते आणि आणखी प्रती काढते. एका ओळीत प्रश्न सुटतो. तुम्ही स्वतः मल्टिप्रोसेसिंग लिहिलं नसलं तरी एखादं पॅकेज आतून वापरत असू शकतं, म्हणून ती ओळ घालाच.

तपासणी ८: कोऱ्या मशीनवर चालवा

तुमचं मशीन साक्षीदार म्हणून उपयोगाचं नाही. त्यावर पायथन आहे, विकासाची साधनं आहेत, पूर्वी कधीतरी बसवलेले रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या आधाराच्या फाइली) आहेत. विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ फुकट मिळतो. दर वेळी कोरा उघडतो आणि बंद केला की पुसला जातो. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन किंवा ज्यावर कधी पायथन बसलेलं नाही असा लॅपटॉप वापरा.

गिऱ्हाइकाच्या मशीनबद्दल आधी विचारून घ्या: विंडोज कुठलं, ३२ बिट की ६४? पायथन ३.९ पासून पुढचा कुठलाही विंडोज ७ वर चालत नाही. तिथे ‘एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ’ अशा नावाची डीएलएल हरवल्याची पाटी येते. ती डीएलएल कुठल्याशा डाउनलोडच्या संकेतस्थळावरून आणून टाकू नका. ती विंडोजचा भाग आहे, बाहेरून आणलेल्या प्रतीत काय असेल याची खात्री कुणी देत नाही, आणि ज्या मशीनवर दुकानाचे हिशेब आहेत तिथे असली फाइल टाकणं धोक्याचं आहे. पायथन ३.८ ने बिल्ड केलं तर विंडोज ७ वर चालतं, पण ३.८ ची देखभाल २०२४ मध्ये संपली. मी गिऱ्हाइकाला विंडोज बदलायचाच सल्ला देतो. आणि पायइन्स्टॉलर एका व्यवस्थेवर बसून दुसरीसाठी बिल्ड करत नाही: ३२ बिट विंडोजसाठी ३२ बिट पायथननेच बिल्ड करावं लागतं.

बारकोड वाचणारं पायझेडबार हे कोऱ्या मशीनवर पडणाऱ्या पॅकेजचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या डीएलएलला व्हिज्युअल सी++ २०१३ चा रनटाइम लागतो. तुमच्याकडे तो कशासोबत तरी आलेला असतो, दुकानातल्या मशीनवर नसतो. मायक्रोसॉफ्टकडून अधिकृत रनटाइम घ्या (६४ बिट पायथनला ६४ बिटचा) आणि तुमच्या इन्स्टॉलरमध्येच त्याची सोय करा.

ईएक्सई कॉपी केल्यावर काही क्षणांत गायब होत असेल तर विंडोज सिक्युरिटीतला ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहा. पायइन्स्टॉलरने केलेल्या, विशेषतः एकफाइल, ईएक्सईवर अँटिव्हायरस चुकून संशय घेतात, कारण घातक प्रोग्रॅम लिहिणारेही हेच साधन वापरतात. अँटिव्हायरस बंद करा असं गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका. फोल्डरवाली ईएक्सई द्या, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फाइल तपासणीसाठी पाठवा, आणि विकायचा प्रोग्रॅम असेल तर कोड साइनिंग प्रमाणपत्राचा (फाइल तुमचीच असल्याची डिजिटल सही) खर्च धरा.

तपासणी ९: डीएलएलची साखळी

‘डीएलएल लोड फेल्ड… द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ हे वाक्य वाचून लोक ज्या फाइलचं नाव आलं ती शोधतात आणि ती जागेवर असते. गोंधळ इथेच होतो. बहुतेक वेळा ती फाइल सापडलेली असते, ती पुढे ज्या डीएलएलवर अवलंबून आहे ती सापडलेली नसते, आणि विंडोज त्या दुसरीचं नाव सांगत नाही. ‘डिपेंडन्सीज’ नावाचं मोफत साधन आहे, त्यात पहिली फाइल उघडली की साखळीतली तुटलेली कडी लाल दिसते. तिथेही उलगडलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ‘प्रोसेस मॉनिटर’ लावा, तुमच्या ईएक्सईच्या नावाने गाळणी लावा आणि ‘नेम नॉट फाउंड’ असा निकाल आलेल्या डीएलएलच्या ओळी पाहा. एकच नाव पाच-सहा फोल्डरांत शोधून कुठेच मिळालेलं नसेल, तर तीच हरवलेली कडी.

पायथन ३.८ पासून पॅकेजच्या डीएलएल शोधताना ‘पाथ’ हे व्हेरिएबल (विंडोजमधली फोल्डरांची यादी) पाहिलं जात नाही. जुन्या लेखांतला ‘पाथमध्ये फोल्डर जोडा’ हा उपाय म्हणून आता लागू पडत नाही, ‘ओएस.अॅड_डीएलएल_डिरेक्टरी’ वापरावं लागतं.

‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगिन’ सुरू होत नाही असं आलं तर ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डरातली ‘क्यूविंडोज’ ही डीएलएल आली आहे का ते पाहा. आणि मशीनवर यूपीएक्स असेल तर ‘नो-यूपीएक्स’ देऊन एकदा बिल्ड करा. पायइन्स्टॉलरला यूपीएक्स सापडला की तो फाइली दाबून लहान करतो, आणि काही डीएलएल दाबल्यावर खराब होतात. थोडी जागा वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये.

तपासणी १०: ट्रेसबॅकच येत नाही असा क्रॅश

कन्सोल ठेवूनही काही न छापता प्रोग्रॅम बंद होत असेल तर तो पायथनच्या खाली, सी च्या थरात पडतो आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘अॅप्लिकेशन’मध्ये १००० क्रमांकाची नोंद शोधा. तिथे ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ आणि एक्सेप्शन कोड असतो. कोडची शेपटी पाहा. शेवटी १३५ असेल तर डीएलएल मिळाली नाही. ७बी असेल तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झाली आहे. १डी असेल तर प्रोसेसरला न समजणारी सूचना आली: टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या पॅकेजच्या तयार प्रती १.६ पासून एव्हीएक्स (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) मागतात, आणि जुन्या प्रोसेसरांत ते नसतं. शून्यांच्या रांगेनंतर ५ असेल तर मेमरीत भलतीकडे हात घातला गेला.

हा शेवटचा सर्वात कठीण. फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘यूसीआरटीबेस’ आलं तर विंडोजला दोष देऊ नका. बिघाड आधी दुसरीकडे झालेला असतो, तो तिथे उघड होतो एवढंच. पायथनचं ‘फॉल्टहँडलर’ मॉड्यूल सुरुवातीलाच चालू करा, आणि त्याला फाइल द्या, कारण कन्सोल नसताना फाइलशिवाय ते स्वतःच एरर देतं. पडताना पायथनची कुठली ओळ चालू होती ते त्या फाइलमध्ये उमटतं.

ती ओळ ‘सीटाइप्स’ने बाहेरच्या डीएलएलला हाक मारणारी असेल, म्हणजे बोटाचे ठसे घेणारं यंत्र, काटा किंवा प्रिंटरची एसडीके (यंत्र वापरायला कंपनी देते तो कोड), तर आधी ‘रेसटाइप’ आणि ‘आर्गटाइप्स’ (परत येणाऱ्या आणि दिलेल्या किमतींचे प्रकार) पाहा. सांगितलं नाही तर सीटाइप्स परत येणारी किंमत साधा पूर्णांक धरतो. ६४ बिटमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) त्यात मावत नाही, वरचा अर्धा भाग कापला जातो. कधी पत्ता खालच्या भागातच असतो म्हणून चालतं, कधी नसतो म्हणून पडतं. ‘कधी चालते, कधी नाही’ या तक्रारीमागे हे कारण मला पुन्हा पुन्हा सापडलं आहे. आणि ‘विनएरर १९३’ आला तर डीएलएल ३२ बिटची आहे आणि तुमचा पायथन ६४ चा. यंत्रांच्या जुन्या एसडीकेत हे सर्रास असतं. ६४ बिटची एसडीके मागा, नाहीतर सगळं बिल्ड ३२ बिट पायथनने करा.

इथे थांबा

पुढच्यापैकी काही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका. क्रॅश बंद स्रोताच्या डीएलएलमध्ये होतो आहे आणि रेसटाइप, बिट, रनटाइम सगळं तपासून झालं आहे: हे काम आता ती डीएलएल बनवणाऱ्याच्या सपोर्टचं. मेमरीचा डंप (पडतानाच्या मेमरीची प्रत) उघडून विनडीबीजी या साधनात वाचायची वेळ आली आहे आणि सी++ तुमचा विषय नाही: तो येणाऱ्या माणसाकडे द्या. परवान्याचा डोंगल किंवा अॅक्टिव्हेशन अडवतं आहे: ते ओलांडायचा प्रयत्न करू नका, विक्रेत्याशी बोला. गिऱ्हाइकाच्या डेटाबेस फाइलवर क्रॅशचा परिणाम झाला आहे अशी शंका आहे: प्रोग्रॅम पुन्हा चालवूच नका, फाइलची प्रत काढा आणि डेटा परत मिळवण्याचं काम जाणणाऱ्याला बोलवा. आणि अँटिव्हायरसने फक्त तुमच्याच नव्हे, इतरही फाइली अडवल्या असतील, तर तो संशय खोटा आहे असं गृहीत धरू नका. ते मशीन तपासून घ्या.

मदत मागताना सोबत हे द्या: स्पेक फाइल, ‘पिप फ्रीझ’ची (बसवलेल्या पॅकेजेसची) यादी, वॉर्न फाइल, पूर्ण ट्रेसबॅक किंवा इव्हेंट १००० ची नोंद, विंडोजची आवृत्ती आणि बिट, आणि तोच दोष दाखवणारा दहा-वीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम. तो छोटा प्रोग्रॅम करायला कंटाळू नका. समोरच्याचा वेळ सर्वात जास्त त्यानेच वाचतो. गिऱ्हाइकाची खरी डेटाबेस फाइल आणि पासवर्ड असलेली कॉन्फिगरेशन फाइल मात्र कुणालाही पाठवू नका. खोट्या नावांच्या चार नोंदी भरून नवी फाइल करा आणि ती द्या.